शंभरातले नव्वद हेल्मेटला, दहा बाजूला

प्रश्न: फुल-फेस हेल्मेटसाठी मी ठरावीक रक्कम साठवली आहे. रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर दुचाकी चालवतो, महिन्यातून एखादी हायवेवरची लांब फेरी होते. चष्मा आहे. समोर चार पर्याय आहेत. एक साधं हेल्मेट, निम्म्याहून कमी बजेटमध्ये. दुसरं मध्यम श्रेणीचं, ईसीई २२.०६ या युरोपीय सुरक्षा मानकाचा शिक्का असलेलं, जवळजवळ सगळी रक्कम खाणारं. तिसरं कार्बन शेलचं, म्हणजे बाहेरचं कवच कार्बन फायबरचं, बजेटच्या दुपटीहून थोडं महाग, पण वरची रक्कम ११ बिनव्याजी हप्त्यांत फेडता येते. चौथं मित्राचं तीन वर्षं वापरलेलं महागडं हेल्मेट, निम्म्या बजेटमध्ये. ‘डोक्याचा प्रश्न आहे, पैशाकडे बघू नकोस’ असं सगळे सांगतात. काय करू?

उत्तर: पैशाकडे जरूर बघा. इथे किंमत आणि सुरक्षितता एका ठिकाणापर्यंतच बरोबरीने चढतात. ते ठिकाण ओलांडल्यावर तुम्ही दुसऱ्याच गोष्टींचे पैसे देत असता.

हिशेब सोपा जावा म्हणून तुमची साठवलेली रक्कम १०० धरू. मग साधं हेल्मेट ४५, मध्यम ९०, कार्बन २१० आणि मित्राचं ५० होतं. माझा सल्ला असा: ९० चं घ्या, मात्र डोक्याला नीट बसलं तरच. उरलेले १० खर्च करू नका. कार्बनच्या हप्त्यात गेले असते त्यातले थोडे दर महिन्याला त्या १० मध्ये टाकत राहा.

कारण हेल्मेट ही एका माराची वस्तू आहे. कवचाच्या आत ईपीएसचा थर असतो, बोलीभाषेत आपण त्याला थर्माकोलच म्हणतो. आदळल्यावर हा थर चिरडतो आणि तेवढ्या अंतरात डोक्याचा वेग उतरतो, म्हणून मेंदूला बसणारा झटका कमी होतो. चिरडलेला थर परत फुगत नाही. बाहेरच्या रंगावर एखादा ओरखडा दिसेल, आत मात्र त्या जागेवरचं संरक्षण संपलेलं असेल. म्हणजे डोकं आत असताना हेल्मेट एकदा आपटलं की ते बदलायचं, दिसायला कितीही चांगलं असलं तरी.

आता कार्बनचे हप्ते बघा. १०० रोख दिले, ११० उरले, म्हणजे दरमहा १० असे ११ हप्ते. सहाव्या हप्त्यानंतर तुम्ही पडलात, तर टाकून द्यायच्या वस्तूवर ५० चं देणं शिल्लक आणि नव्या हेल्मेटसाठी हातात काही नाही. अशा वेळी माणूस स्वतःला समजावतो की फार जोरात लागलं नव्हतं, आणि तेच हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवतो. २१० च्या हेल्मेटचा खरा धोका इथे आहे. बिनव्याजी हप्त्यांबद्दलही एक चौकशी करा: तेच हेल्मेट रोखीने घेतलं तर किती सूट मिळते? ती सूट आणि प्रक्रिया शुल्क मिळून जो आकडा येतो, तेच तुमचं व्याज.

उलट बाजूने मोजू. बाजूला ठेवलेले १० आणि दरमहा ३, असे २७ महिन्यांत ९१ होतात. सव्वादोन वर्षांत दुसऱ्या हेल्मेटचे पैसे तयार. त्यानंतर पडलात तर दुसऱ्याच दिवशी दुकानात जाता येईल. नाही पडलात तरी पाच वर्षांनी ते लागणारच आहेत, कारण हेल्मेट तपासणारी अमेरिकेतली संस्था स्नेल फाउंडेशन साधारण पाच वर्षांनी हेल्मेट बदलायला सांगतं. घाम, डोक्याचं तेल, ऊन आणि गोंदाचं वय यांनी आतले थर आणि अस्तर थकतात.

मग वरच्या १२० मध्ये मिळतं काय? शेल बहुधा हलकं असतं. फुल-फेस हेल्मेट साधारण १३०० ते १७०० ग्रॅमचं असतं आणि त्यात दीडदोनशे ग्रॅमचा फरक दिवसभराच्या प्रवासात मानेला कळतो. हवा चांगली खेळते, वाऱ्याचा आवाज कमी येतो, अस्तर मऊ असतं, काच घट्ट मिटते. हे सगळं सुख आहे आणि दिवसाला तीनशे किलोमीटर चालवणाऱ्याने त्याचे पैसे मोजले तर ते चूक नाही. तुमच्या रोजच्या ४० किलोमीटरला ते परवडत नाही. संरक्षण मात्र किमतीच्या प्रमाणात वाढत नाही. ब्रिटनच्या वाहतूक खात्याची ‘शार्प’ योजना २००७ पासून हेल्मेटं आपटून त्यांना एक ते पाच तारे देते. स्वस्त हेल्मेटांना पाच तारे आणि महागड्यांना त्याहून कमी, असं तिथे अनेकदा झालं आहे. तुमचं मॉडेल त्या यादीत असेल तर विकत घेण्याआधी जरूर बघा, फुकट आहे.

अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या कोक्रेन आढाव्यानुसार अपघातात सापडलेल्या दुचाकीस्वारांत हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. कोणत्या प्रकारचं हेल्मेट सरस, हे ठरवण्याइतका पुरावा मात्र त्या आढाव्यात सापडला नव्हता. त्यामुळे सगळ्यात मोठा परतावा रोज, जवळच्या फेरीलाही, पट्टा बांधून हेल्मेट घालण्यात आहे. जे टोचतं म्हणून घरी राहतं, त्याची किंमत कितीही असो, परतावा शून्य.

शिक्क्यांचा अर्थ थोडक्यात. तुमच्या देशाच्या कायद्याने मागितलेला शिक्का असायलाच हवा. त्याच्या जोडीला ईसीई २२.०६ असेल तर मी जास्त पैसे मोजायला तयार होईन. जुन्या २२.०५ मध्ये सेकंदाला ७.५ मीटर वेगाने हेल्मेट आपटत. २२.०६ मध्ये त्यासोबत ६ आणि ८.२ मीटरच्या चाचण्या आल्या, आपटण्याच्या जागा वाढल्या आणि ४५ अंशांच्या तिरक्या पृष्ठभागावर आपटून डोकं किती गरगर फिरतं तेही मोजलं जाऊ लागलं. ८.२ मीटर म्हणजे ताशी जेमतेम ३० किलोमीटर, हे वाचून दचकू नका. हा साधारण साडेतीन मीटरवरून खाली पडण्याचा वेग आहे. गाडी ८० ने जात असली तरी डोकं रस्त्यावर पडतं ते बहुधा दीड-दोन मीटरवरूनच, बाकीचा वेग घसरण्यात जातो. समोर भिंत किंवा खांब आला तर गोष्ट वेगळी, आणि तिथे कुठलंच हेल्मेट हमी देत नाही.

पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी वाचायला शिका. वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि त्यापुढे देशाचा आकडा असतो. खालच्या मंजुरी क्रमांकाची सुरुवात ०६ ने झाली तर २२.०६, ०५ ने झाली तर जुनं. शेवटी ‘पी’ असेल तर हनुवटीसमोरचा भाग संरक्षक म्हणून तपासलेला आहे. ‘एनपी’ असेल तर तो भाग संरक्षण देत नाही, दिसायला फुल-फेस असलं तरी. अमेरिकेच्या ‘डॉट’ मानकात कंपनी स्वतःच प्रमाणित करते, सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तपासतं, आणि हनुवटीच्या भागावर आपटण्याची चाचणी त्यात नाही. म्हणून फुल-फेस घेताना नुसत्या ‘डॉट’वर विसंबू नका. त्याचे बनावट स्टिकरही सहज मिळतात.

४५ चं हेल्मेट स्वस्त आहे म्हणून वाईट ठरत नाही. त्याच्यावर खरा शिक्का असेल, आतला थर्माकोल अडीच सेंटिमीटरच्या आसपास जाड असेल आणि डोक्याला बसत असेल, तर ते घेऊन नियमित वापरणारा माणूस शहाणाच आहे. पण या किमतीत कंपनी बचत करते ती शेलच्या मापांवर. एकच शेल बनवून तीन-चार मापांसाठी आतली गादी जाड-पातळ करतात, त्यामुळे लहान मापाचं हेल्मेटही डोक्यावर मडक्यासारखं मोठं दिसतं. गाद्या बदलायला मिळत नाहीत, स्पंज लवकर बसतो आणि वर्ष-दोन वर्षांत तेच हेल्मेट ढिलं होतं. काचेवर ओरखडे पडले की त्याच मॉडेलची काच सापडत नाही. पाच वर्षांत अशी दोन घेतली तर ९० होतातच, आणि मधली काही वर्षं ढिल्या हेल्मेटात जातात.

आता माप. इथे पैसे लागत नाहीत, पण चुका सर्वांत जास्त इथेच होतात, आणि बहुतेक जण एक माप मोठं घेतात. शिंप्याचा टेप भुवयांच्या दोन-अडीच सेंटिमीटर वरून, कानांच्या वरून आणि मागे डोकं सर्वांत फुगीर असतं तिथून फिरवा. तीनदा मोजा, सर्वांत मोठा आकडा धरा. ५७-५८ ला बहुतेक कंपन्या मध्यम म्हणतात, ५९-६० ला मोठं, पण प्रत्येकीचा तक्ता वेगळा असतो. घेरासोबत आकारही बघा. कुणाचं डोकं वरून बघितलं तर गोलसर असतं, कुणाचं पुढेमागे लांबट. घेर सारखा असला तरी लांबट डोक्याला गोल हेल्मेट कपाळावर रुततं आणि कानांवर मोकळं राहतं. हे दुरुस्त होत नाही, मॉडेलच बदलावं लागतं.

घालून बघताना पट्टे दोन्ही हातांनी बाहेर ओढून धरा आणि डोकं आत सारा. थोडं जोर लावूनच गेलं पाहिजे. गाल इतके दाबले जावेत की बोलताना आतून चावले जातात की काय असं वाटावं. वापरून गादी थोडी बसतेच, म्हणून नवं असताना आरामशीर वाटणारं हेल्मेट चार महिन्यांनी सैल होतं. हनुवटीचा भाग धरून डावीउजवीकडे हलवा: गालाची कातडी हेल्मेटासोबत सरकायला हवी, हेल्मेट एकटं फिरायला नको. मग पट्टा बांधा, खाली एक-दोन बोटं मावतील इतका, आणि मागची कड धरून हेल्मेट पुढे उलटवायचा प्रयत्न करा. निघून आलं तर ते हेल्मेट तुमचं नाही. शेवटी ते डोक्यावर तसंच ठेवून वीस मिनिटं थांबा. विक्रेता कंटाळेल, कंटाळू दे. काढल्यावर कपाळावर एका जागी लाल ठसा आणि ठणका असेल तर ते घेऊ नका. गालांवरचा दाब कमी होतो, कपाळावरचा दुखरा बिंदू तसाच राहतो.

चष्मा घालूनच तपासा. काड्या कानशिलाजवळ सरळ आत जायला हव्यात. काही हेल्मेटांत त्यासाठी गादीत खाच असते. आतून खाली येणारी काळी काच असेल तर ती चष्म्याला किंवा नाकाला घासते का बघा. चष्मा असला की वाफेचा त्रास दुहेरी, म्हणून पिनलॉक बसवता येणारी काच असलेलं मॉडेल निवडा. पिनलॉक म्हणजे काचेच्या आत बसणारा दुसरा पातळ पडदा. दोन्हींच्या मधली हवा मुख्य काच धुकट होऊ देत नाही. चष्म्यावरची वाफ मात्र त्याने जात नाही, त्यासाठी नाकावर, श्वास खाली वळवणारा पडदा हवा.

पट्ट्याला डबल डी-रिंग (दोन कड्यांतून पट्टा ओवून आवळायचा) असो किंवा दात्यांचं, खटकन बसणारं बक्कल, दोन्ही चालतात. दात्यांचं बक्कल रोजच्याला सोयीचं, पण अधूनमधून लांबी पुन्हा लावावी लागते. मिप्ससारखा, तिरक्या माराने डोकं गरगरणं कमी करण्यासाठी बसवलेला आतला सरकता थर त्याच किमतीत मिळाला तर घ्या, त्यासाठी माप बिघडलेलं हेल्मेट घेऊ नका. चित्रविचित्र ग्राफिक्सचे जास्तीचे पैसे वाचवा: शेल तेच असतं. रंग निवडायचाच तर फिका किंवा पांढरा. न्यूझीलंडमधल्या २००४ च्या अभ्यासात पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांचा अपघातातल्या दुखापतीचा धोका काळं घालणाऱ्यांपेक्षा सुमारे २४ टक्के कमी आढळला. पांढरं घेणारी माणसं मुळातच जपून चालवत असतील, हा भाग त्यात असू शकतो. पण रंगाला जादा पैसे पडत नाहीत, तेव्हा वाद कशाला?

मित्राचं हेल्मेट नको. तो प्रामाणिक असेल, पण हेल्मेट कधी डोक्यासकट आपटलं का, हे त्यालाही नीट आठवत नसेल. तीन वर्षं वापरलेलं म्हणजे पाचातली दोनच उरली. ५० भागिले दोन, वर्षाला २५. नवं ९० चं पाच वर्षांत वर्षाला १८ पडतं. शिवाय त्याची गादी त्याच्या डोक्याप्रमाणे बसलेली आहे.

घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: उत्पादनाची तारीख, गालाच्या गाद्या आणि काच सुट्या मिळतात का, आणि अपघातानंतर सवलतीत बदलून देण्याची योजना आहे का. काही कंपन्या अशी योजना देतात. जुना साठा सवलतीत मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण तो दोन वर्षं दुकानात पडून असेल तर सूट तेवढ्या प्रमाणात मागा.

शेल पॉलिकार्बोनेटचं असेल तर त्याला पेट्रोल, थिनर किंवा सॉल्व्हंटवाला स्टिकर लावू नका, प्लास्टिक आतून कमजोर होतं. अस्तर कोमट पाण्यात लहान मुलांच्या शांपूने धुवा, सावलीत वाळवा. आरशाच्या दांड्यावर हेल्मेट अडकवलं की आतल्या थर्माकोलला खळगे पडतात. आणि ९० मध्ये पिनलॉक येत नसेल तर तो त्या १० मधून घ्या. दुसऱ्या हेल्मेटचा निधी मग शून्यापासून सुरू होईल, ३० महिन्यांत भरेल.