एकदम दीडशे अलर्ट आले तर आधी कुठला बघायचा?

तुम्ही लिहिलंय की रात्रपाळीला एकटेच असता, झॅबिक्सचं (सर्व्हर-नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) 'प्रॉब्लेम्स'चं पान समोर उघडं असतं आणि काही बिघडलं की शे-दीडशे ओळी एका दमात येऊन आदळतात. मग सिव्हिरिटीप्रमाणे (गांभीर्याप्रमाणे) लावून वरून खाली जायचं, की जो आधी आला तो आधी घ्यायचा, हा तुमचा प्रश्न. मी म्हणेन, पहिली पाच-दहा मिनिटं तरी दोन्ही नको.

आधी माझी फजिती सांगतो. रात्री दोनच्या सुमारास आमच्या एका रॅकचा (सर्व्हरच्या कपाटाचा) स्विच, म्हणजे त्यातले सर्व्हर नेटवर्कला जोडणारा डबा, गेला. त्याच्या मागचे सर्व्हर पिंगला ('आहेस का?' या हाकेला) उत्तर देईनात, वर त्यांच्यावर चालणाऱ्या सेवांचे अलर्ट वेगळे. मिळून एकशे चाळीसएक ओळी. यादी सिव्हिरिटीने लावलेली होती, त्यामुळे वर नुसती 'हाय'ची (गंभीर अलर्टची) रांग. हे स्विचचं काम आहे हे लवकर कळलं. नेटवर्कवाल्याला उठवलं, कॉलवर बसलो, तासाभरात रांग ओसरली आणि मी खूश होऊन चहाला गेलो. दुसऱ्याच रॅकमधल्या एका डेटाबेस सर्व्हरची डिस्क मात्र दीड वाजल्यापासून भरत चालली होती. तिचा अलर्ट आलेला होता, पण 'ॲव्हरेज' (मध्यम), नारंगी, यादीच्या तळाशी. तळाला आमच्याकडे महिनोन्महिने कुणी हात न लावलेल्या तीस-चाळीस ओळी कायमच्या मुक्कामाला होत्या. त्यात ती बेमालूम मिसळली. साडेचारला डिस्क गच्च भरली आणि डेटाबेसचं लिहिणं थांबलं. स्विचबद्दल मला कुणी एक शब्द विचारला नाही, डिस्कबद्दल आठवडाभर उत्तरं देत होतो.

आता यातली गंमत बघा. पिंग बंद म्हणजे 'हाय' आणि डिस्क 90 टक्क्यांवर गेली म्हणजे 'ॲव्हरेज', हे आमच्या ऑफिसात कुणी बसून ठरवलेलंच नव्हतं. झॅबिक्सच्या तयार टेम्पलेटमध्ये (तपासण्यांच्या संचात) तसं असतं आणि आम्ही टेम्पलेट लावून मोकळे झालो होतो. टेम्पलेटला काय ठाऊक, कुठल्या सर्व्हरवर बिलिंग चालतं आणि कुठल्यावर कुणाचं टेस्टिंग पडून आहे! एखाद्या प्रॉब्लेमची सिव्हिरिटी त्याच्या अपडेटच्या खिडकीतून हाताने बदलता येते. ॲकनॉलेज करायला ('बघितलं' अशी नोंद करायला) तुम्ही ती खिडकी रोज उघडत असाल, पण तिथला हा पर्याय फारसं कुणी वापरत नाही.

म्हणून हल्ली मी आधी ढीग ओळखतो. दोन-तीन मिनिटांच्या अंतराने सुरू झालेल्या, एकाच रॅकच्या किंवा एकाच नेटवर्कच्या ओळी म्हणजे एकच आजार. त्यात मूळ कोण ते शोधायचं: स्विच, स्टोरेज, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा), यांपैकीच बहुतेक कुणीतरी असतं. तुमचं झॅबिक्स 6.4 किंवा त्यापुढचं असेल तर बाकीच्या ओळी निवडून मूळ प्रॉब्लेमची 'सिम्प्टम्स' (लक्षणं) म्हणून खूण करा. त्या त्याच्या पोटात जातात, वर एक ओळ आणि आकडा उरतो. हे काम हातानेच करावं लागतं, पण ती दोन मिनिटं वाया जात नाहीत. ढिगाला एक माणूस लावा, तिकीट काढा आणि नजर तिथून काढून घ्या.

मग बघायचं ते ढिगाच्या बाहेर उरलेलं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला विचाराल तर हेच. ढीग इतका मोठा असतो की त्याची दखल कुणी ना कुणी घेतंच. तुम्ही नाही घेतलीत तर ग्राहकाचा फोन येतो. एकटी नारंगी ओळ कुणाला फोन करायला लावत नाही. उरलेल्यात मी एवढंच विचारतो: हे सकाळपर्यंत ठेवलं तर तसंच राहील की वाढेल? सीपीयू 95 टक्के आहे आणि कुणाची तक्रार नाही, तर राहू दे. डिस्क, रेप्लिकेशन (डेटाबेसची दुसरी प्रत) मागे पडणं, उद्या संपणारं सर्टिफिकेट, हे वाढणारे. ते आधी, रंग कुठलाही असो. नव्या टेम्पलेटमधल्या ट्रिगरना (अलर्ट कधी द्यायचा त्या अटींना) 'स्कोप' नावाचा टॅग असतो. त्यात 'कपॅसिटी' लिहिलेल्या प्रॉब्लेम्सचा एक फिल्टर टॅबमध्ये साठवून ठेवा. रात्री कितीही गोंधळ असला तरी त्या टॅबवर एक क्लिक करायची.

ढीग मुळातच कमी व्हावा म्हणून ट्रिगर डिपेंडन्सी लावतात. सर्व्हरच्या पिंगचा ट्रिगर स्विचच्या ट्रिगरवर अवलंबून ठेवला की स्विच पडलेला असताना सर्व्हर ओरडत नाहीत. मेख एवढीच की स्विच पडल्याचं झॅबिक्सला सर्व्हरच्या आधी कळायला हवं. स्विच पाच मिनिटांनी आणि सर्व्हर दर मिनिटाला तपासत असाल तर डिपेंडन्सी असूनही सगळे एकदम बोंबलतील. आमच्याकडे हे लक्षात यायला दोन रात्री गेल्या. स्विचची तपासणी जास्त वेळा ठेवा.

पुढे प्रोमेथियसवर (नजर ठेवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर) जाणार असं तुम्ही शेवटी म्हटलंय. तिथला अलर्टचे निरोप पाठवणारा अलर्टमॅनेजर गट आपोआप करतो, पण गट कशावर करायचा ते तुम्ही सांगायचं असतं. नुसत्या अलर्टच्या नावावर केलात तर दोन शहरांतले बंद सर्व्हर एकाच निरोपात येतील, म्हणून क्लस्टरचं (सर्व्हरच्या समूहाचं) लेबलही घाला. सिव्हिरिटी तिथे केवळ एक लेबल आहे, तिला स्वतःचा अर्थ नाही. आणि जुन्या गटात नवा सदस्य आला तर त्याचा निरोप लगेच सुटत नाही, मूळ सेटिंगमध्ये गटात बदल झाला तरी पुढचा निरोप पाच मिनिटांच्या अंतरानेच जातो. तो येतोही जवळपास त्याच मथळ्याने, मूळ साच्यात आकडा तेवढा बदलतो. 'हे बघितलंय मघाशी' म्हणून आपण तो सोडून देतो, तेव्हा मथळ्यातला तो आकडा बघत जा, आणि स्वतःचा साचा केलात तर त्यातही आकडा ठेवा.

तळातल्या त्या मुक्कामी ओळींचं मात्र रात्री काही करू नका. त्यांची यादी काढून सकाळी हँडओव्हरला दिवसपाळीच्या हातात द्या: प्रत्येक ओळ एक तर दुरुस्त करा, नाहीतर तो ट्रिगर बंद करा. आमच्या लीडने आधी कुरकुर केली. आता तळाला चारेक ओळी असतात, आणि पाचवी आली की लगेच दिसते.