शेततळ्यावरची हिरवी साय आणि इतर प्रश्न

डोळे नसलेल्या जिवांना उजेड कसा कळतो, हे विचारणारी पत्रे सतत येतात. त्यातली निवडक इथे घेतो. शेततळ्याविषयीचे पत्र मात्र जनावरे असलेल्या प्रत्येकाने वाचावे.

प्रश्न : युग्लिनाचा लाल ठिपका म्हणजे त्याचा डोळा ना?

नाही. युग्लिना हा पाण्यातला एकपेशीय जीव. त्याचा ठिपका फक्त सावली पाडतो. उजेड टिपणारी प्रथिने शेजारी, कशाभिकेच्या, म्हणजे पोहण्याच्या चाबकासारख्या धाग्याच्या, बुडाशी असलेल्या फुगवट्यात असतात. युग्लिना स्वतःभोवती गिरकी घेत पोहतो, तेव्हा ही सावली फुगवट्यावर येते-जाते आणि त्यातून त्याला दिशा कळते.

प्रश्न : लोणारचे पाणी गुलाबी झाले, ती प्रदूषणाची खूण होती का?

जून २०२० मधला तो रंग हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा होता. पाणी आटून क्षार वाढले की ते फोफावतात. त्यांच्यातली लालसर रंगद्रव्ये कडक उन्हापासून त्यांचे रक्षण करतात.

प्रश्न : शैवालामुळे अंध माणसाला दिसू लागले, असे व्हॉट्सअॅपवर आले. वडिलांना शैवालाच्या गोळ्या द्याव्यात का?

देऊ नका. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली ती घटना एका रुग्णाची आहे. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शैवालाच्या एका जातीतल्या प्रकाशग्राही प्रथिनावर बेतलेले जनुक त्याच्या डोळ्यात सोडले होते. खास चष्मा लावल्यावर त्याला टेबलावरच्या वस्तू कुठे आहेत ते कळू लागले, एवढेच. गोळ्या विकणारे ही बातमी वापरून तुमचे पैसे आणि वेळ दोन्ही घालवतात. वडिलांना नेत्रपटलाच्या डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : शेततळ्यावर सकाळी हिरवी साय दिसते, दुपारी कमी होते. दुकानदार मोरचूद टाकायला सांगतो. गाई तेच पाणी पितात.

आज मोरचूद टाकू नका आणि गाईंना त्या पाण्यावर सोडू नका.

तुमच्या वर्णनावरून हे मायक्रोसिस्टिस, म्हणजे एक प्रकारचे नील-हरित शैवाल असू शकते. त्याला पोहता येत नाही. पेशीत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांच्यामुळे ते तरंगते. दिवसा उन्हात ते पिष्टमय पदार्थ साठवते, जड होते, खाली जाते. रात्री तो साठा खर्चून हलके होते आणि वारा नसेल तर पहाटे वर येते. वर आले की इतर शैवालांचा उजेड अडवते. शेतातले खत तळ्यात उतरत राहिले तर ही साय दरवर्षी येणार.

याचे काही प्रकार यकृत निकामी करणारे मायक्रोसिस्टिन तयार करतात. ते बहुतांश पेशीच्या आत असते. मोरचुदाने पेशी फुटतात आणि सगळे विष एकदम पाण्यात उतरते. तळे स्वच्छ दिसू लागते, दुकानदाराची पावती फाटते आणि विषारी पाणी गोठ्यात जाते. शिवाय मेलेले शैवाल कुजताना प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

सायीत काठी फिरवा. लांब धागे गुंडाळले गेले तर ते बहुधा साधे शेवाळ. रंगासारखा लेप काठीला बसला तर संशय धरा. खात्री प्रयोगशाळेतच होते, म्हणून नमुना कसा आणि कुठे द्यायचा ते कृषी विज्ञान केंद्रात विचारा. गाय चारा सोडत असेल, झोकांड्या देत असेल किंवा तिची पांढरी कातडी उन्हात सोलत असेल, तर अहवालाची वाट न पाहता पशुवैद्यकांना त्याच दिवशी बोलवा.

प्रश्न : असे पाणी उकळून, तुरटी फिरवून माणसांना चालेल का?

नाही. उकळल्याने हे विष जात नाही आणि विरघळलेले विष तुरटीने खाली बसत नाही. अहवाल येईपर्यंत दुसरीकडचे पाणी वापरा.