पहिल्या बोटीवर जायच्या आधी

अरे,

तुझा मेसेज वाचला, सीडीसी, म्हणजे बोटीवर काम करायचं सरकारी ओळखपुस्तक, हातात आलं, आता जॉइनिंगची वाट बघतोयस, खूप बरं वाटलं. आपण पुण्याचे लोक, समुद्र बघायचा तर वर्षातून एकदा दापोली नाहीतर अलिबाग, आणि आता आपल्याच इंदुरीला, लोणी काळभोरला पोरं बोटीचं शिकतायत. मी १९८८ ला सदाशिव पेठेतून ट्रंक घेऊन निघालो तेव्हा इथे यातलं काहीच नव्हतं, मुंबईला 'राजेंद्र' या ट्रेनिंग शिपवर गेलो.

आधी एक, जॉइनिंगसाठी कोणी एजंट पैसे मागितले तर एक रुपया देऊ नकोस, एजन्सीचा आरपीएसएल नंबर, म्हणजे भरतीच्या सरकारी परवान्याचा नंबर, डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्याच्या साइटवर बघून घे. आणि बोट लागेल, उलट्या होतील, कोरडी बिस्किटं जवळ ठेव, पोट रिकामं ठेवू नकोस, बाहेर येऊन क्षितिजाकडे बघत उभा रहा.

पण मला खरं सांगायचंय ते टाकीबद्दल. पहिल्याच बोटीवर, चौथा महिना असेल, बॅलास्ट टँकचं, म्हणजे बोट स्थिर राहावी म्हणून समुद्राचं पाणी भरतात त्या टाकीचं, मॅनहोल उघडं होतं आणि माझी बॅटरी आत पडली. शिडी समोरच होती, म्हटलं दोन मिनिटांचं काम, एक पाय आत टाकला आणि मागून सारंगने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, कॉलर धरून ओढलं. रत्नागिरीकडचा माणूस, बापाच्या वयाचा. ओरडला नाही, मीटरची नळी खाली सोडली आणि आकडा दाखवला, २१ टक्के ऑक्सिजन हवा तिथे १३ होता. अजून आठवलं की हात गार पडतात रे.

बंद टाकीत लोखंड गंजतं ना, तो गंज हवेतला ऑक्सिजन खातो. नांगराची साखळी ठेवतात ते चेन लॉकर तसंच, कोळसा किंवा लाकूड भरलेलं होल्ड, म्हणजे मालाचं कोठार, तसंच. वास येत नाही, दम लागलाय हे कळायच्या आत माणूस कोसळतो, आणि वरचा त्याला काढायला धावत उतरतो आणि तोही जातो, असे किती गेलेत. म्हणून कोणी आत पडलेला दिसला तरी तू उतरायचं नाही, आधी अलार्म, मग श्वासाचा सेट घातलेली माणसं. एरवीसुद्धा परमिट, पुरेसं व्हेंटिलेशन, वर मध्ये खाली तिन्हीकडे मीटर, तोंडाशी एक माणूस उभा, एवढं झाल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. सीनियर घाईत असेल, तुला वाटेल कॅडेटने कसं बोलायचं, तेव्हा सरळ विचार, 'सर, मीटर लावून घेऊ का?' कोणी चिडला तर चिडू दे.

निघायच्या आधी एक संध्याकाळ कोथरूडला घरी ये, आईबाबांनाही घेऊन ये. दोरी काढून ठेवतो, बोलाईन गाठ डोळे मिटून आली पाहिजे तुला.

तुझा काका