मॉर्फिन चालू आहे आणि हातपाय उडतात

प्रश्न : सासरे ७२ वर्षांचे आहेत. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरलाय. मॉर्फिनच्या गोळ्यांनी दुखणं आटोक्यात होतं. पण या आठवड्यात हातपाय एकदम उडायला लागलेत, चहा अंगावर सांडतो. काल भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून झाडू मागत होते. जाऊबाई म्हणतात आकडी आहे. शेजारच्या आजींनी दृष्ट काढली. गोळ्या बंद करू का?
– एक सून, कराड

उत्तर : दृष्ट काढली तर काढू द्या, त्यानं काही बिघडत नाही. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका. दुखणं उसळेल, वर घाम, जुलाब, तगमग.

हात उडतो तेव्हा ते शुद्धीवर असतात ना? मग ही बहुधा आकडी नव्हे. स्नायूंना असे अचानक झटके बसतात, त्याला आम्ही डॉक्टर मायोक्लोनस म्हणतो. मुंग्यांचं वाचलं आणि मला आधी किडनी आठवली. मॉर्फिन यकृतात मोडतं, त्यातून उरलेलं लघवीवाटे जातं. किडनी मंदावली की ते साचतं आणि मेंदूला डिवचतं : झटके, भास, रात्रीची बडबड. प्रोस्टेटमुळे लघवीची वाट अडू शकते, त्यात मॉर्फिनही लघवी तुंबवतं. ओटीपोट टणक, फुगलेलं लागतंय का, हात लावून बघा. आणि मधेच कुणी गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं इंजेक्शन टोचलंय का? सर्रास टोचतात, आणि किडनी आणखी दमते. जोडीला ट्रामाडॉल हे दुखण्यावरचं औषध असेल तर तेही सांगा. त्यानं खरीखुरी आकडी येऊ शकते.

आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून पुढचा डोस कसा द्यायचा ते विचारा. रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि कॅल्शियम तपासतील. मग डोस उतरवतील, दोन डोसांतलं अंतर वाढवतील किंवा फेंटानिलच्या, म्हणजे कातडीवर चिकटवायच्या दुखण्यावरच्या औषधाच्या, पट्टीवर आणतील. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, औषध एकदम अंगात उतरतं.

डोस वाढवल्यावर दुखणं उलट पसरलं, चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर तेही कळवा. क्वचित मॉर्फिनच दुखणं वाढवतं, आणि घरचे बिचारे आणखी एक गोळी देत राहतात.

हलवूनही जागे होत नाहीत, श्वास फार संथ झालाय, शुद्ध हरपून आकडी आली किंवा पायांतली ताकद गेली, तर फोनवर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा.

झटक्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. ओपीडीत नंबर लागेपर्यंत ते हटकून थांबलेले असतात.