रेसिपी तीच, मग कण वेगळे का?

प्रश्न: कॅल्शियम क्लोराईड आणि सोडियम कार्बोनेटची सोल्युशन्स मिसळून कॅल्शियम कार्बोनेटचे कण बनवतेय. कॉन्सन्ट्रेशन तेच, टेंपरेचर तेच, तरी एकदा बारीक पावडर मिळते आणि एकदा लहानमोठं सगळं एकत्र. स्टररच्या स्पीडने एवढा फरक पडतो का? आणि मैत्रीण म्हणते थोडं मॅग्नेशियम टाक, त्याने काय होईल?

उत्तर: पडतो, आणि नुसत्या स्पीडनेच नाही तर थेंब बीकरमध्ये नेमका कुठे पडतो त्यानेही पडतो. असं बघा, कॅल्शियम आणि कार्बोनेटचे आयन (विद्युतभार असलेले कण) एकमेकांना भेटले की खूप पटकन जोडले जातात, पण बीकरभर नीट मिसळायला सेकंद लागतात, त्यामुळे थेंब पडतो तिथे क्षणभर सुपरसॅच्युरेशन (पाण्यात मावेल त्यापेक्षा जास्त विरघळलेलं असणं) प्रचंड असतं आणि बाकी बीकरमध्ये जवळपास काहीच नाही. आणि गंमत अशी की नवीन केंद्रकं, म्हणजे क्रिस्टलची इवलीशी सुरुवात, तयार होण्याचा वेग सुपरसॅच्युरेशनसोबत भयानक चढतो, असलेला क्रिस्टल वाढण्याचा वेग मात्र त्यामानाने सावकाश. म्हणजे पहिल्या थेंबाची पिल्लं वाढत असतात तोवर दहावा थेंब नवीन पिल्लं घालतो, मग साईज एकसारखी येणार कशी? सगळी केंद्रकं एका दमात जन्मली आणि मग फक्त वाढत गेली तर साईज सारखी येते, हा विचार लामेर आणि डिनेगर या संशोधकांनी १९५० मध्ये गंधकाच्या सोलवर (पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण) मांडला आणि मला तो आजही सगळ्यात कामाचा वाटतो. म्हणूनच दोन प्रवाह जोरात एकमेकांवर आदळवणारे टी-मिक्सर वापरतात, त्यात मिसळणं मिलिसेकंदात उरकतं. तुमच्याकडे तो नसेल तर ड्रॉपरचं टोक स्टररच्या फिरणाऱ्या बीडजवळ (बीकरमधल्या चुंबकी कांडीजवळ) ठेवा, वरून पृष्ठभागावर थेंब सोडू नका. पण उगाच फुल स्पीडही नको, मोठे क्रिस्टल आपटून तुटतात आणि तुकडे नवीन बीज बनतात.

आता मॅग्नेशियम. ते कॅल्साइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या नेहमीच्या क्रिस्टलची, वाढ अडवतं, म्हणून पुरेसं असलं की अ‍ॅरागोनाइट या त्याच्याच दुसऱ्या प्रकाराला वाव मिळतो, म्हणजे रसायन तेच पण क्रिस्टल दुसरा. इतर अ‍ॅडिटिव्ह ठराविक पृष्ठभागावर चिकटून आकार बदलतात, युरिया असलेल्या पाण्यात मिठाचे घन न येता अष्टफलक (आठ बाजूंचे क्रिस्टल) येतात हे रोमे द लिल या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञांनी १७८३ मध्येच नोंदवलंय. सायट्रेट (लिंबातल्या सायट्रिक आम्लाचा क्षार) हे अ‍ॅडिटिव्ह मात्र कॅल्शियमला स्वतःच बांधून ठेवतं, म्हणजे सुपरसॅच्युरेशनच कमी होतं, तिथे फरक कशामुळे पडला हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. आणि अ‍ॅडिटिव्ह आधीच बीकरमध्ये असू द्या, कण बनल्यावर टाकलंत तर उशीर झालेला असतो.

प्रश्न: सोन्याच्या नॅनोपार्टिकलमध्ये सायट्रेट वाढवलं की रंग का बदलतो?

उत्तर: इथे सायट्रेट सोन्याचं रिडक्शन करतं (विरघळलेल्या सोन्याला इलेक्ट्रॉन देऊन धातू बनवतं), कणांना चिकटून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं आणि पीएचही बदलतं. फ्रेन्स या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवलं की सायट्रेट कमी केलं की कण मोठे येतात, साधारण १६ पासून १५० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंत. लहान कण लाल दिसतात, मोठे जांभळट. पण जांभळा रंग कण नुसते एकमेकांना चिकटल्यानेही येतो, थोडं मीठ टाकलं तरी लाल सोल निळसर होतो, त्यामुळे फक्त रंगावरून साईज ठरवू नका, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एकदा बघाच.