टोपी घातलेला कुरव

प्रश्न : आमच्या तलावाकाठच्या बागेत हिवाळाभर पांढऱ्या डोक्याचे कुरव (सीगल पक्षी) होते. मार्चच्या मध्यानंतर ते दिसेनासे झाले आणि काळ्या डोक्याचे आले. हे कोणते? दुसरं म्हणजे, रविवारी सकाळी काठच्या गवतात पिवळ्या धोबी पक्ष्यांची झुंबड होती. सोमवारी मुलाला दाखवायला नेलं तर एकही नाही. तो म्हणतो, आई, तू थापा मारतेस.

उत्तर : ताई, आधी मुलाला सांगा, आई खरं बोलतेय.

कुरव बहुधा तेच आहेत, फक्त टोपी घातली आहे. या कुरवाचं डोकं हिवाळ्यात पांढरं असतं. डोळ्यामागे एक गडद ठिपका, गालावर काजळाचं बोट लागल्यासारखा. वसंतात डोक्यावरची पिसं गळून गडद पिसं येतात. नाव 'काळ्या डोक्याचा कुरव', पण उन्हात नीट बघा : रंग चॉकलेटी आहे आणि टोपी मानेपर्यंत पोचतच नाही, मागची मान पांढरीच राहते. ज्याने हे नाव ठेवलं त्याने पक्षी सावलीत पाहिला असावा!

मीही फसले होते. पहिल्या वर्षी वहीत ऐटीत दोन जाती लिहिल्या. मग एक दिवस काठावरच्या खांबावर अर्धवट पक्षी येऊन बसला, पांढऱ्या डोक्यावर चॉकलेटी डाग पडलेला. याला कुठल्या रकान्यात घालू? त्या पानावरची खाडाखोड मी अजून तशीच ठेवली आहे. तुम्हीही असा अर्धवट कुरव शोधा, मुलाला तोच दाखवा. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी दिसली तर ते गेल्या वर्षीचं पिल्लू. त्याची टोपी बहुतेकदा अपुरीच असते.

आता धोबी. निघायची वेळ झाली हे त्यांना मुख्यतः दिवसाच्या वाढत्या लांबीवरून कळतं, पण नेमकी कुठल्या दिवशी उडी घ्यायची ते वारा ठरवतो. जायचं उत्तरेला आणि वारा समोरून, किंवा पाऊस, तर थवे पाण्याकाठी अडकून पडतात. तिथे किडे मिळतात, अंगावर चरबी चढते, आणि तीच पुढच्या उड्डाणाची शिदोरी. वारा पाठीशी आला की रातोरात गाशा गुंडाळतात. तुमच्या रविवार-सोमवारच्या मध्ये वारा फिरला असावा. पुढच्या वेळी वहीत पक्ष्यांच्या आकड्याशेजारी वाऱ्याची दिशाही लिहा. पंधरा दिवसांत तुम्ही स्वतःच अंदाज बांधू लागाल.

आणि हो, धोब्यांच्या नरांची डोकी पाहिलीत का? काहींचं राखाडी, काहींचं काळंभोर. जात एकच, पण वेगवेगळ्या मुलखांत घरटी करणारे. हिवाळ्यात हे ओळखणं महाकठीण, वसंतात मात्र डोक्यावरच पत्ता लिहिलेला.

प्रश्न : बदकांना पाव टाकला तर चालेल?

उत्तर : नको. पोट भरतं, पोषण मिळत नाही, आणि उरलेला पाण्यात कुजतो. लांब उभे राहा. चरणाऱ्या पक्ष्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं की दोन पावलं मागे या.