गोव्यात गावच्या किराणा दुकानातला माल पावसाळ्यात ओल धरतो, कसा सांभाळायचा?

जूनच्या आधी साठा उतरवा आणि उरेल तो माल जमिनीपासून किमान ६ इंच वर, भिंतीपासून फूटभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवा. बराचसा त्रास भिंतीची ओल लागल्यामुळेच होतो. मीठ, सुकी मिरची, सोलं (आमसुलं), सुकं मासळं हे सगळं मे महिन्यातच खपवायचं, कारण पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी लोक तेव्हाच भरतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ पाणी सोडतं, म्हणून सुटं मीठ गोणीत नको, घट्ट झाकणाच्या पिंपात. गुळाचंही तेच, एका वेळी एकच ढेप फोडा. चवथीचा (गणेश चतुर्थीचा) गूळ आणि पोहे आठ-दहा दिवस आधी मागवले तरी पुरतात, जुलैत भरून ठेवणं म्हणजे पैसे अडकवणं. उकडे तांदूळ पंधरा दिवसांच्या खपापुरतेच घ्या, जुनी गोणी आधी काढा. रिकाम्या गोण्या त्याच खोलीत रचू नका, टोके (धान्यातले किडे) तिथूनच नव्या मालात शिरतात. मिरचीची परीक्षा देठाशी: कट्‌कन मोडला तर ठीक, नुसता वाकला तर ओल आलीय. असा माल पिशव्यांत बंद केलात तर आठवड्यात बुरशी.

एक मात्र पाळा: किड्यांसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या दुकानात कधीच ठेवू नका. ओल लागली की त्यातून विषारी फॉस्फीन वायू सुटतो, आणि आपल्याकडे बऱ्याच दुकानांच्या मागच्या खोलीत घरचीच माणसं झोपतात.